विसरायला ठेवलेलं तळं

माणसं काम संपवण्यासाठी हातात घेतात, असा लग्न होऊन बंगळूरला येईपर्यंत माझा समज होता. आमच्या घरमालकीण अक्का मात्र एक काम दुसऱ्या कामापासून पळून जाण्यासाठी घेत, आणि ते पळणंही इतकं मनापासून, की पाहणाऱ्याला वाटावं, बाई केवढी उद्योगी. बसवनगुडीतल्या त्यांच्या घरात तीन ठिकाणं होती. पुढच्या व्हरांड्यात चित्राची फळी, मधल्या खोलीत चटईवर वाकळ आणि स्वयंपाकघराच्या खिडकीशी कसुतीच्या भरतकामाचं कापड. चित्र अडलं की अक्का वाकळीवर येत, वाकळीचा कंटाळा आला की भरतकामाला बसत, आणि तिथे टाका चुकला की चित्राला बोल लावत पुन्हा व्हरांड्यात. घरातल्या घरात रोज मैलभर तरी चालणं होत असावं. मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. यजमान पूर्वीच गेलेले, मूलबाळ नाही, त्यामुळे अडवणारं कुणी नव्हतं.

आम्ही त्यांच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो. आमचे हे सरकारी कारखान्यात फिटर. मी निपाणीकडच्या खेड्यातली, पाचवीतच शाळा सुटलेली. हे सकाळी सायकलवरून गेले की मी आतून कडी लावून बसायची. आपल्या हातून काहीतरी मोडेल, मालकीणबाई घर रिकामं करा म्हणतील, आणि एवढ्या लांब येऊन माझ्यापायी यांची अडचण होईल, हे एकच डोक्यात. एकदा मी माहेरहून आणलेली वाकळ भिंतीवर वाळत घातली होती. अक्का आल्या, वाकळ उलटी केली आणि मागची बाजू नाकाशी धरून बराच वेळ बघत राहिल्या. मला वाटलं, भिंतीला काही डाग पडला.

"कुणी शिवली ही?"

"मीच. आईजवळ बसून."

"शाळा किती?"

"पाचवी," मी खाली बघून म्हटलं.

"बरं झालं. सहावीत आमच्यासारख्यांनी तुझा हात बिघडवला असता."

शाळेवरून मला कुणी शाबासकी दिली ती तेवढीच. दुसऱ्या दिवसापासून मी त्यांच्या चटईवर बसू लागले, आणि कडी लावायची विसरले.

अक्कांचं घराणं चार पिढ्यांपासून बंगळुरातलं. त्यांच्या मराठीत 'स्वल्प' आणि 'सरी' मिठासारखं पडलेलं असे. थोडं हवं असलं की स्वल्प, पटलं की सरी. कुंचला धुवायचा पेला आणि कॉफीचा पेला त्या शेजारी ठेवत आणि दोन्हींत फरक करणं त्यांना कमीपणाचं वाटे. एकदा घोट घेऊन त्या म्हणाल्या, "आज कॉफी स्वल्प हिरवी लागते ग," आणि उरलेली पिऊन टाकली. सुई नेहमी अंबाड्यात खोचलेली. त्यांच्या डोक्याला तेल लावून द्यायचं म्हणजे आधी सुया मोजून काढाव्या लागत. वाकळीसाठी जुनं कापड मिळवण्याच्या बाबतीत तर त्यांना जनाची लाज नव्हती. एका बारशात त्यांनी शेजारी बसलेल्या, ओळखदेख नसलेल्या बाईंचा पदर बोटांत धरून विचारलं, "किती वर्षं नेसणार हो तुम्ही ही?" बाईंना वाटलं कौतुक चाललंय. "टिकेल चांगली दहा वर्षं," त्या म्हणाल्या. अक्कांचा चेहरा उतरला. "दहा. अय्यो, तोवर मी कुठली."

कसुती सगळ्यांत कडक. त्या भरतकामात कापडावर आधी रेघ काढत नाहीत, गाठ मारत नाहीत. कापडाचे उभे-आडवे धागे मोजत जायचं, आणि मागची बाजू पुढच्यासारखीच दिसली पाहिजे. मोजताना अक्का कुणाशी बोलत नसत. गवळी खिडकीशी येऊन विचारी, "अक्का, किती घालू?" अक्का म्हणत, "त्रेसष्ट." तो शहाणा माणूस. चौसष्टला टाका पडेपर्यंत चरवी धरून उभा राही.

पण सगळ्यांत विचित्र त्यांची चित्र काढण्याची पद्धत. जुन्या धोतराला खळ देऊन त्यावर त्या रंगवत. चित्र कुठे अडलं की ते उलटं करून, वाकळीसाठी जमवलेल्या कापडांच्या ढिगात खाली सारून देत. याला त्या 'विसरायला ठेवणं' म्हणत. "रोज बघितलं की डोळा त्याची बाजू घेतो," त्यांचं म्हणणं. "पंधरा दिवस विसरायचं, मग परक्यासारखं काढून बघायचं." बघून आवडलं नाही तर ते चित्र पुन्हा त्याच ढिगात, पण आता वाकळीत जायला. कुठलं विसरायला ठेवलंय आणि कुठलं टाकलंय, हे फक्त त्यांना ठाऊक.

लालबागेतल्या तळ्याचं एक चित्र तीन वर्षं असं ढिगात जात-येत होतं. गावात दरवर्षी चित्रांचं प्रदर्शन भरे. त्यात आपलं तळं एकदा भिंतीवर लागावं, एवढी एकच गोष्ट अक्कांनी जन्मात मनाशी धरलेली मी पाहिली. पण डाव्या कोपऱ्यातलं पाणी त्यांना जमत नव्हतं, म्हणून दोन वर्षं चित्र गेलंच नाही. तिसऱ्या वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. घरी येऊन अक्का म्हणाल्या, "यंदा पाठवायचं. पुढच्या वर्षी मला निळा आणि काळा एकच दिसेल." हे त्यांनी वाटाणे सोलता सोलता सांगितलं. पाठवण्याआधी तळं महिनाभर विसरायला गेलं.

त्याच महिन्यात अक्का मला म्हणाल्या, "थंडी येते, तुमच्यासाठी एक वाकळ घाल. ढिगातलं काहीही घे." मी घेतलं. वर दोन साड्या, खाली एक लुगडं, आणि मध्ये ऊब राहावी म्हणून एक ताठ, जाड कापड, पाठीवर चहा सांडल्यासारखे डाग. उलटून कशाला बघते मी? टाकलेली चित्रं आधीच्या वाकळींतही गेली होती. सुई जरा जड जात होती तेवढीच. अक्कांचे उपकार होते माझ्यावर, म्हणून मी टाके गव्हाएवढे बारीक घातले, बोटभर अंतरावर ओळी, काठापासून मधोमध पोचेपर्यंत.

प्रदर्शनाचे कारकून चित्र न्यायला येणार होते त्या सकाळी अक्कांनी ढीग उपसला. एकदा, दोनदा. मग चटईवर बसून राहिल्या. मी दारातून बघत होते. मला त्या ताठ कापडाची आठवण झाली. आत जाऊन वाकळ आणली आणि त्यांच्यापुढे ठेवली.

"अक्का, चुकलं माझं. मध्ये घातलंय. आज दिवसभर बसून उसवून देते."

त्यांनी वाकळीवर हात फिरवला. "किती टाके असतील?"

"हजारांनी असतील."

"तितकी भोकं पडलीत तळ्याला. पाणी राहील का त्यात?" त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. म्हणाल्या, "राहू दे. घडी घाल."

कारकून आले. जटका, म्हणजे तिथला टांगा, बाहेर उभा. त्यांनी घडी बघितली. "अम्मा, ही तर कौदी." कानडीत वाकळीला कौदी म्हणतात.

"चित्र आत आहे."

"दिसत नाही हो."

"मलाही आता फार दिसत नाही. बिघडलं काय?"

"पण परीक्षक काय बघतील?"

"हात लावून बघायला सांगा."

ते बिचारे सभ्य गृहस्थ. घेऊन गेले. रविवारी आम्ही दोघी बघायला गेलो. चित्रांच्या दालनात वाकळ नव्हती. ती मागच्या खोलीत, हातकामाच्या टेबलावर, क्रोशाचं तोरण आणि मण्यांचा हंस यांच्यामध्ये मांडली होती. कार्डावर कन्नडमध्ये काय लिहिलंय ते मला वाचता येईना. अक्कांनी नाक टेकवून वाचलं: कौदी, आणि त्यांचं नाव. त्यांनी पिशवीतून पेन्सिल काढली, आपल्या नावाच्या वर मराठीत माझं नाव लिहिलं आणि खाली लहान कन्नड अक्षरांत एक ओळ. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "आत तळं आहे, असं लिहिलंय. लोकांना सांगायला नको?"

परत येताना बसमध्ये मला रडू आवरेना. अक्का खिडकीबाहेर बघत होत्या. लालबागेचं फाटक मागे पडलं तेव्हा बोलल्या. "तो डावा कोपरा मला शेवटपर्यंत जमला नव्हता ग. भिंतीवर लागलं असतं तर कुणीतरी तेवढंच बघितलं असतं."

पुढे यांना कारखान्याच्या वसाहतीत घर मिळालं. अक्कांनी वाकळ माझ्याकडेच ठेवायला लावली. त्यांची दृष्टी गेली, चित्र सुटलं, कसुती सुटली. वाकळ तेवढी त्या हाताच्या अंदाजाने घालत. कुणाबरोबर तरी महिन्या-दोन महिन्यांनी माझ्याकडे येत, खाटेवर बसून ती वाकळ मांडीवर घेत आणि रंग जिथे जाड होता तिथे बोटांनी थांबत. "हे झाड. ह्या पायऱ्या." गेल्या हिवाळ्यात आल्या तेव्हा त्यांची बोटं डावीकडे जाऊन अडली.

"इथं फाटलंय काय?"

"वरच्या दोन्ही साड्या विरल्यात. चार बोटं."

"आतलं दिसतं?"

"दिसतं."

त्यांनी विचारलं, "कसं आहे?"

चित्रातलं मला काय कळणार. खोटं बोलले तर त्यांना आवाजावरून समजलं असतं. मी वाकून नीट बघितलं. "निळं आहे. कडेला काळपट होत जातं. मध्ये माझ्या टाक्यांची भोकं आहेत. पण हात लावला तर ओला होईल असं वाटतंय, अक्का."

त्यांनी मान हलवली. "सरी," म्हणाल्या. "आता ठिगळ लाव त्याच्यावर, विरत जाईल नाहीतर."

त्या घरी परत गेल्यावर मी ठिगळ लावलं. तीन बाजूंनी शिवलं. चौथी बाजू अजून मोकळी आहे.