बारावं प्रकरण

‘श्शू... मान वर झाली.’

एवढं पुटपुटून ती अंबाड्यात खोचलेली पेन्सिल काढायची, पुढ्यातल्या कागदावर बारीकशी फुली मारायची आणि पेन्सिल परत अंबाड्यात. समोरच्याला वाटावं, आपल्या अपॉइंटमेंटचं काहीतरी चाललंय. तसं काही नसायचं. कोपऱ्यातल्या खुर्चीवर एखादं शाळकरी पोर वाचत बसलेलं असायचं आणि त्याने वाचता वाचता मान वर केलेली असायची.

सदाशिव पेठेतल्या एका दातांच्या दवाखान्यात ती नावं लिहून घ्यायच्या टेबलावर बसायची. अशा बायका तुम्हीही पाहिल्या असतील. पेशंट डॉक्टरांपेक्षा त्यांनाच जास्त घाबरतात. माझी तिच्याशी गाठ पडली सात-आठ वर्षांपूर्वी, खालच्या तीन दाढांमुळे. तेव्हा मी जेमतेम पासष्टची, म्हणजे पोरकटच. मराठीची शिक्षिका म्हणून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण सगळं जग अजून माझ्यापुढे बाकावर बसलंय अशा थाटात वावरायचे.

टेबलावर जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यात मला स्टेपल केलेली काही पानं सापडली. हाताने लिहिलेली, झेरॉक्स काढलेली. पहिलं वाक्य होतं, ‘पाणी उतरलं. आधी आरसा दिसला.’ मे महिन्यात खडकवासल्याचं पाणी खाली जातं आणि गाळात रुतलेली एक स्कूटर वर येते. डिकीला कुलूप. येरवड्याच्या दोन मैत्रिणी, दोघी नववीतल्या, ते कुलूप फोडतात.

‘हे कुणाचं?’ मी विचारलं.

‘माझं,’ ती म्हणाली. ‘हळू बोला बाई. ते पोट्टं वाचून राहिलं.’

ती मूळची यवतमाळकडची. एरवी पुण्यात राहून घोटीव बोलायची. जीव कशात गुंतला की यवतमाळ बाहेर यायचं. एकटी, येरवड्यात एका खोलीत राहायची. वय अठ्ठावन्न. आणि ही बाई तेरा-चौदा वर्षांच्या मुलांसाठी थरारक कादंबरी लिहीत होती. पहिलीच. त्याआधी तिने काय लिहिलं होतं, तर पेशंटची नावं.

‘याच वयाच्या मुलांसाठी का?’ मी विचारलं.

‘छोट्यांना आई मांडीवर घेते. मोठे फोनवर बोलतात. हे मधलेच एकटे घाबरत बसतात. आतल्या मशीनचा आवाज ऐकत. मले असं लिहायचं आहे का त्याले तो आवाज ऐकूच नाही आला पाहिजे.’

तिची पद्धत अशी, की पोराच्या हाती पानं लागली की ती टेबलामागून नजर ठेवायची. मान कुठल्या ओळीला वर झाली ते फुलीने टिपायची. तिथे गोष्ट ढिली. घरी जाऊन तेवढाच भाग पुन्हा लिहायचा, आठवड्याने नव्या पोरापुढे ठेवायचा. असं पाच वर्षं चाललं होतं. तिला एवढंच हवं होतं : एका तरी मुलाने पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मान वर न करता वाचावं, आणि ते पुस्तक व्हावं.

मी अर्थातच मदतीला धावले. कुणी बोलावलं नव्हतं. पहिली तीन प्रकरणं घरी नेली आणि लाल पेनाने शुद्ध करून आणली. ‘पाणी उतरलं. आधी आरसा दिसला’ याचं मी काय केलं, ते आज नातीला सांगितलं तर ती जमिनीवर लोळते : ‘ग्रीष्माच्या प्रखर दाहामुळे जलाशयाची पातळी लक्षणीयरीत्या खालावली असता, एक तेजोमय वस्तू दृग्गोचर झाली.’

ती बिचारी ते घरी घेऊन गेली. सुवाच्य अक्षरात सगळं उतरवून काढलं आणि एका सातवीतल्या मुलीच्या शेजारी ठेवलं. आम्ही दोघी टेबलामागून बघत राहिलो. मुलीने पान उचललं, दोन ओळी वाचल्या, पान खाली ठेवलं आणि स्वतःहून उठून आत गेली. रूट कॅनॉलला!

‘बाई,’ ती म्हणाली, ‘तुम्ही वाचत जा. पेन नका हातात घेऊ.’

मी हसले. पण आतून लागलं. पस्तीस वर्षं ज्या हाताने मार्क दिले त्या हाताला पेन ठेवायला सांगितलं होतं, आणि तेही दवाखान्यातल्या बाईने.

मग त्या पावसाळ्यात डॉक्टरांनी सांगून टाकलं, दिवाळीला दवाखाना बंद. वय झालं होतं, मुलगा परदेशात, गाळा विकायचा. तिला दुसरी नोकरी मिळणं कठीण होतं, पण तिला घोर वेगळाच. ‘माझी पोरं जाणार,’ एवढंच म्हणाली. दहा प्रकरणं झाली होती. अकरावं अडलं होतं, शेवटचं बारावं सुचत नव्हतं.

त्या दोन महिन्यांत ती पार बिघडली. डबा न उघडता परत न्यायची. एकाच वेळेला तीन-तीन पेशंट बोलवायची. एकदा एका मुलाला आत घ्यायला डॉक्टर स्वतः बाहेर आले, तर ही दारात आडवी.

‘दोन मिनिटं, सर. त्याचं पान व्हायचंय.’

‘अहो, त्याला पू झालाय!’

‘दीडच पान आहे.’

मुलाच्या आईने आरडाओरडा केला. मूल मात्र वाचत होतं. ती मला कोपराने ढोसून म्हणाली, ‘बघा, बघा,’ आणि तिचे डोळे भरून आले होते. शेवटच्या चार ओळींवर त्या मुलाने मान वर केली. तिने फुली मारली ती इतकी जोरात, की पेन्सिलीचं टोक मोडलं.

तीन प्रकाशकांकडे जाऊन आली होती. तिसऱ्याने सांगितलं, ‘हल्लीची मुलं वाचत नाहीत हो.’

‘आमच्या वेटिंग रूममध्ये या एकदा.’

‘माझे दात उत्तम आहेत,’ तो म्हणाला.

हे सांगताना ती हसली, मीही हसले. मग तिने माझं मनगट धरलं. ‘बाई, काहून जमत नसंल हो? काय राहून जाते?’ मला उत्तर माहीत नव्हतं. तरी मी पंधरा मिनिटं बोलले.

अकरावं सुटलं, ते मी दवाखान्यातच बसून वाचलं. दवाखाना बंद व्हायच्या आदल्या आठवड्यात बारावं प्रकरण झालं. तिने त्याची मूळ प्रतच माझ्या हातात दिली. ‘झेरॉक्स नाही काढली. आधी तुम्ही वाचा. तुम्ही सांगाल तसं.’

मी ते घरी आणलं आणि फ्रिजवर ठेवलं. त्यावर आधी विजेचं बिल आलं, मग मेथीची पिशवी. वेळ नव्हता असं नाही. पेन न घेता वाचायचं म्हणे! वाचीन सावकाश, म्हटलं. बसू दे तिला वाट बघत. पासष्ट वर्षांच्या बाईचा हा रुसवा. मला तेव्हा कुणी कान धरून उभं करायला हवं होतं.

आठव्या दिवशी ती दारात हजर. मी मेथी बाजूला करून कागद तिच्या हातात दिले.

‘कुठे मान वर झाली, बाई?’

‘कुठेच नाही,’ मी म्हणाले.

तिला याहून मोठं काही ऐकायचंच नव्हतं. खुर्चीवर बसली, पदर तोंडाला लावला आणि रडली. चहाही न घेता गेली.

दिवाळीनंतर एकदा मी दोन मैत्रिणींबरोबर पेठेतून चालले होते. एक तर निवृत्त मुख्याध्यापिका. एका मोठ्या कोचिंग क्लासच्या फाटकाशी ती उभी दिसली. हातात स्टेपल केलेल्या पानांचा गठ्ठा. क्लास सुटला होता आणि ती मुलांपुढे पानं धरत होती. ‘गोष्ट आहे बेटा. फुकट आहे. गुरुवारी पुढचं प्रकरण.’ मुलं दुसऱ्या क्लासची जाहिरात समजून घेत होती आणि चार पावलांवर टाकून देत होती. स्कूटरची चाकं त्यावरून जात होती. ती मधेच वाकून पानं उचलायची, पदराने पुसायची, पुन्हा पुढे करायची.

‘कोण गं ती?’ मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं. ‘तुझ्याकडे बघून हात करतेय.’

‘कुणास ठाऊक,’ मी म्हणाले. ‘जाहिराती वाटत असेल.’ आणि मी रस्ता ओलांडला.

तिने हात खाली घेतलेला मी पाहिला. तरी ओलांडला.

पुढे तीन-चार आठवडे मी त्या रस्त्याने गेलेच नाही. मग एक दिवस राहवेना म्हणून येरवड्याला तिच्या खोलीवर गेले. कुलूप होतं. शेजारच्या बाईने सांगितलं, ‘त्या गेल्या. बस स्टॉपवरच छातीत दुखायला लागलं. वीस दिवस झाले.’ यवतमाळहून भाऊ येऊन सगळं आवरून गेला होता. मी त्याचा नंबर घेतला आणि तिथेच जिन्यात उभं राहून फोन लावला.

‘कागद होय?’ तो म्हणाला. ‘लय होते बाप्पा. भांडी आणली. कागद रद्दीवाल्याले देऊन टाकले.’ भला माणूस होता. ‘कामाचे होते का?’ म्हणून त्याने घाबरून विचारलं.

परतताना माझे पाय त्या क्लासच्या फाटकाशीच गेले. का गेले, सांगता येणार नाही. फाटकाशी दोन मुली उभ्या होत्या, पाठीवर सॅक, नववीतल्या असतील. मी रेंगाळताना पाहून एक पुढे आली.

‘आजी, इथे एक काकू यायच्या, स्टोरी वाटायला. तुम्ही ओळखता त्यांना?’

या वेळी मी हो म्हणाले.

तिने सॅकमधून प्लास्टिकचं फोल्डर काढलं. आत एक ते नऊ प्रकरणं, क्रमाने. काही पानांवर टायरचे डाग. ‘तिसरं आणि पाचवं आम्ही फुटपाथवरून उचललं,’ दुसरी म्हणाली. ‘नवव्यानंतर त्या आल्याच नाहीत. आम्ही दर सोमवारी आणि गुरुवारी थांबतो. यार, स्कूटर कुणाची ते तरी कळू दे ना!’

ती गेली, हे मी त्यांना सांगितलं. एकीने फोल्डर छातीशी धरलं. मग तिने अगदी हळू विचारलं, ‘पण तुम्ही वाचलंय ना पुढचं?’

मी तिथेच दुकानाच्या पायरीवर बसले आणि सांगायला लागले. दहावं प्रकरण सांगितलं. अकरावं सांगितलं : धरणाच्या भिंतीखालची पंपाची खोली, आत कोंडलेल्या दोघी, गुडघ्यापर्यंत आलेलं पाणी आणि बाहेरून किल्ली फिरल्याचा आवाज. इतकं चांगलं मी पस्तीस वर्षांत वर्गात शिकवलं नव्हतं. दार उघडतं. बॅटरीचा उजेड डोळ्यांवर येतो. आणि तो माणूस एकीला नावाने हाक मारतो.

‘कोण?’ दोघी एकदम म्हणाल्या.

मी थांबले.

‘आजी, कोण असतं?’

‘शेवटचं प्रकरण मी वाचलं नाही,’ मी म्हणाले. ‘आठ दिवस माझ्या घरात होतं.’

‘घरात होतं आणि वाचलं नाहीत?’ तिने रागावून नाही विचारलं. तिला खरंच कळत नव्हतं.

आत क्लासची बेल झाली. बाकीची मुलं पळाली. वॉचमनने फाटक ओढायला घेतलं, ‘ए मुलींनो, चला’ म्हणून दोनदा ओरडला. त्या दोघी हलल्या नाहीत. मला अजून काहीतरी आठवेल, म्हणून माझ्या तोंडाकडे बघत उभ्या राहिल्या.