वेगळा ठेवलेला ग्लास

दादरच्या त्या साडीच्या दुकानात जयवंत घाडीचा शब्द म्हणजे शेठचाच शब्द, असं सगळे धरून चालत. नोकरीला लागला तेव्हा तो नुसत्या घड्या घालायचा. मग गादीवर बसून माल दाखवू लागला, मग मॅनेजर झाला. इतक्या वर्षांत मालकाला त्याने एकदाही उलट उत्तर दिलं नव्हतं आणि त्याचा त्याला अभिमान होता. त्याचे वडील, सीताराम घाडी, परळच्या गिरणीत कामाला होते. संप फसला, गिरणी पुन्हा उघडली, तेव्हा त्यांना दारातूनच परत पाठवलं. त्यानंतर ते लालबागच्या खोलीत खिडकीशी बसले ते शेवटपर्यंत. बापाचं ते बसणं पाहतच जयवंत मोठा झाला. मालकाशी वाकडं घ्यायचं नाही, हे त्याला कुणी शिकवावं लागलं नाही.

अक्षदा तोंडवळकरला दुकानात त्यानेच घेतलं होतं. परळची मुलगी, बोलायला चटपटीत, गिऱ्हाइकाच्या कलाने घेणारी. आईसोबत आलेल्या मुलीला कुठली साडी आवडलीय आणि आईला कुठली, हे ओळखून दोघींना तिसऱ्याच साडीवर राजी करायची. जयवंतला ती ‘काका’ म्हणायची. डब्यात काही खास असलं की आधी त्याच्या ताटलीत वाढायची. पुढे पैठणीचा काउंटर त्याने तिच्याकडेच दिला.

मग तिच्या हातावर कोड उठलं. आधी करंगळीजवळ एक पांढरा ठिपका, मग बोटांची टोकं, मग मनगट, ओठाच्या कडेला थोडंसं. तिने लपवलं नाही. विचारलं तर सरळ सांगायची, “डॉक्टर म्हणाले, कातडीचा रंग जातो, बाकी काही नाही. लागतही नाही कुणाला.” दुकानातल्या पोरी ऐकून घ्यायच्या आणि जरा सरकून बसायच्या. जयवंतने ते पाहिलं होतं. बघून न बघितल्यासारखं केलं होतं.

लगीनसराईत एक मोठं कुटुंब बस्ता बांधायला आलं. अक्षदाने पैठणी उलगडली आणि पदर कसा पडतो ते दाखवायला नवऱ्या मुलीच्या खांद्यावर टाकला. मुलाच्या आईने तो पदर चिमटीत धरून बाजूला केला. “हिच्याकडून नको हं. शुभकार्य आहे आमच्याकडे.” आपण हळू बोललो असं तिला वाटलं असेल, पण गादीवरच्या सगळ्यांनी ऐकलं. अक्षदाने साडीची घडी घातली आणि उठून पाणी प्यायला गेली. जयवंत लगबगीने पुढे झाला, हात जोडले, दुसऱ्या मुलीला बसवलं आणि वर त्या बाईंची माफीही मागितली.

संध्याकाळी अजितशेठनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. थोरले शेठ जाऊन दुकान आता त्यांच्या हातात होतं. माणूस तोंडाचा गोड.

“जयवंतराव, ती मुलगी चांगलीच आहे. पण गिऱ्हाईक बिचकतं. तुम्ही बघा काहीतरी.”

“म्हणजे काय करू, शेठ?”

“ते मी कशाला सांगू? मॅनेजर तुम्ही आहात.”

दुसऱ्या दिवशी जयवंतने पांढरे सुती हातमोजे आणले. अक्षदाने ते हातात घेतले आणि त्याच्याकडे पाहिलं. “काका, सिल्क सरकतं यातून.”

“सवय होईल गं.”

तिने घातले. पण हातमोजे घालून साडी दाखवणाऱ्या बाईला गिऱ्हाईक हमखास विचारायचंच, हात भाजला का म्हणून. आठवडाभरात जयवंतने तिला वर पोटमाळ्यावर फॉल-बिडिंगच्या कामाला लावलं. वर पंखा होता, खिडकी नव्हती. कमिशन फक्त विक्रीवर मिळायचं, ते बंद झालं. तरी ती वेळेवर यायची, खाली कुणाला काही म्हणायची नाही.

इथवरचं सगळं शेठच्या खात्यात टाकता आलं असतं. पण एक गोष्ट जयवंतने आपल्या मनाने केली होती. दुकानात पाण्याच्या पिंपाशेजारी स्टीलचे ग्लास उपडे घातलेले असायचे. एका दुपारी त्याने त्यातला एक उचलला, त्याच्या बुडाला लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला आणि पोटमाळ्याच्या जिन्याखाली फळीवर ठेवला. पोरींना म्हणाला, “हा अक्षदाचा.” तसं करायला शेठनी सांगितलं नव्हतं, पोरींनीही मागणी केली नव्हती. मागे वळला तर अक्षदा जिन्याच्या खालच्या पायरीवर उभी होती. तिने ग्लास उचलला, पाणी प्यायली, विसळून फळीवर ठेवला आणि वर गेली. त्या दिवसापासून त्याच्या ताटलीत तिने काही वाढलं नाही.

दिवाळीआधी ती खाली येऊन म्हणाली, “आता गर्दी होईल. मला माझ्या काउंटरवर बसू द्या.”

“थोडे दिवस घरी बस,” जयवंत म्हणाला. “बरी झालीस की ये.”

“मी आजारी कुठे आहे?”

महिना संपला आणि तिला येऊ नको म्हणून निरोप गेला. तो निरोप फोनवरून जयवंतनेच दिला. दिल्यावर फोन खिशात ठेवून गिऱ्हाइकाला या, बसा म्हणाला.

ती गप्प बसेल असंच सगळ्यांना वाटलं होतं. गिरगावातल्या एका वकीलबाईंच्या मदतीने तिने कामगार आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार केली आणि दुकानाला नोटीस आली. अजितशेठनी आपले वकील बोलावले. वकिलांनी जयवंतला समोर बसवून काय बोलायचं ते सांगितलं. मुलगी गिऱ्हाइकांशी उद्धट वागायची, समज देऊनही सुधारली नाही, शेवटी स्वतःच यायची बंद झाली. जयवंतने मान डोलावली. घरी जाताना ती वाक्यं तो मनात घोळवत राहिला, पाठ व्हावीत म्हणून.

समेटाच्या बैठकीला एक मध्यमवयीन अधिकारी बाई होत्या. एका बाजूला अक्षदा आणि तिच्या वकीलबाई, दुसऱ्या बाजूला शेठ, त्यांचे वकील आणि जयवंत. जयवंत सांगितल्याप्रमाणे बोलला. उद्धट हा शब्द तोंडातून निघताना त्याला अक्षदासमोर बसून हसणारी गिऱ्हाइकं दिसली. तरी त्याने वाक्य पुरं केलं.

“हातमोजे कुणी आणले होते?” अधिकारी बाईंनी विचारलं.

हे पाठ केलेल्यात नव्हतं. “तिनेच मागितले होते, मॅडम.”

अक्षदाने मान खाली घातली, लाज जणू तिलाच वाटली होती. खोटं बोलला होता जयवंत आणि डोळे खाली गेले होते तिचे.

मग शेठच्या वकिलांनी पुढचा मुद्दा काढला. “समजा, काही कमीजास्त झालंही असेल, तर ते मॅनेजरने परस्पर केलं. आमच्या अशिलाने असा कुठलाही हुकूम दिलेला नाही. दुकानाचं तसं धोरणच नाही.”

जयवंतने शेठकडे पाहिलं. शेठ मोबाईल बघत होते.

“वकीलसाहेब,” अधिकारी बाई म्हणाल्या, “मॅनेजरने दुकानात बसून, दुकानासाठी, दुकानाने दिलेल्या अधिकारात जे केलं ते दुकानानेच केलं. हुकूम दिला नव्हता म्हणून मालकाला हात झटकता येत नाहीत. त्यांना दिसत होतं, त्यांनी थांबवलं नाही. समेट झाला नाही, तर कामगार न्यायालयात हेच उलगडून सांगावं लागेल. आणि कामावरून काढण्याचं कारणच खोटं निघालं, तर तुमची बाजू आणखी पडेल.”

पुढची तारीख पडली. बाहेर कॉरिडॉरमध्ये अक्षदा त्याच्यासमोर येऊन थांबली.

“घाडीसाहेब, हातमोजे मी मागितले होते?”

‘काका’ गेलं होतं. जयवंत तिच्या चपलांकडे बघत उभा राहिला. ती निघून गेली.

घरी आल्यावर त्याने आईला सगळं सांगितलं. जाईबाईंनी नवरा घरी बसल्यावर खानावळ चालवून संसार ओढला होता. आता त्या थकल्या होत्या, पण कान शाबूत होते. कुणीतरी आपल्याला शिव्या घालाव्यात, असं जयवंतला वाटत होतं. ते काम आईशिवाय कोण करणार?

जाईबाईंनी ऐकून घेतलं. “मगे तुझा काय चुकला, झिला? कोड उठलेल्या बायकेच्या हातची साडी लग्नात कोण नेसतला? आणि गिलास वेगळो ठेवलंस ता बराच केलंस. तुझ्या घरात पोरांबाळां हत.”

“आई, ते लागत नाही गं कुणाला.”

“माका नको शिकवू.”

आई अडाणी म्हणून सोडून द्यावं, तर जयवंतला तरी काय ठाऊक नव्हतं? अक्षदाने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. लागत नाही हे माहीत असताना त्याने नेलपॉलिशचा ठिपका लावला होता. आईच्या तोंडून त्याने आपलंच मन ऐकलं होतं, फक्त मालवणीतून. शेठनी त्याच्यावर ढकललं याचा राग त्याला दिवसभर पुरला होता. आता तोही आटला. कारण शेठचे वकील निम्मं खरंच बोलले होते.

पुढच्या तारखेला निघण्याआधी अजितशेठनी गाडीत बसताना त्याला सांगितलं, “मागचंच सांगायचं, जयवंतराव. नवीन काही नको.”

“हो,” जयवंत म्हणाला. सवयच होती ती.

अधिकारी बाईंनी मागच्या वेळची टिपणं वाचून दाखवली आणि विचारलं, “हे बरोबर आहे ना?”

जयवंत उठून उभा राहिला. उभं राहायची गरज नव्हती. “मॅडम, ते हातमोजे मी आणले होते. ती उद्धट नव्हती. कधीच नव्हती. शेठ म्हणाले, गिऱ्हाईक बिचकतं, काहीतरी बघा. म्हणून मी तिला माळ्यावर पाठवलं. येऊ नको असा फोनही मीच केला.”

“घाडी!” शेठ म्हणाले.

“आणि तिचा पाण्याचा ग्लास मी वेगळा ठेवला. ते मला कुणी सांगितलं नव्हतं.”

हे शेवटचं तो इतकं हळू बोलला की ऐकूच गेलं नाही. बाईंनी पुन्हा सांगायला लावलं. मग त्याला तेच वाक्य, सगळ्यांदेखत, मोठ्याने, दुसऱ्यांदा बोलावं लागलं. कामाला जाण्याआधी वडिलांच्या पाया पडणारा मुलगा, थोरल्या शेठचा विश्वासू माणूस, दुकानातल्या पोरींचा काका, यातलं काहीही त्या वाक्यापुढे उभं राहीना.

त्यानंतर शेठच्या वकिलांनी फार ताणलं नाही. समेट झाला. अक्षदाला तिच्या जागेवर परत घ्यायचं, मधल्या काळाचा पगार द्यायचा, आणि कुणालाही रंगरूपावरून काउंटरवरून हलवणार नाही असं दुकानाने लिहून द्यायचं, असं ठरलं. सही मालकाची. जयवंतला अजितशेठनी काढलं नाही. नवी भानगड नको, असा वकिलांचा सल्ला होता. मात्र पुढे केबिनमध्ये बोलावणं बंद झालं. काय हवं-नको ते शेठ दुसऱ्यांकरवी कळवू लागले.

अक्षदा आली त्या दिवशी दुकान उघडल्या-उघडल्या जयवंत पैठणीच्या काउंटरशी गेला. रात्रभर त्याने बरंच काही जुळवलं होतं.

“अक्षदा, माझं चुकलं. मला माफ कर.”

ती शेल्फवरच्या साड्या रंगाप्रमाणे लावत होती. “माफी कशाची? नोकरीची की ग्लासाची?”

“ग्लासाची,” जयवंत म्हणाला.

“नोकरीचं मी शेठकडून भरून घेतलं,” अक्षदा म्हणाली. “कायद्याने जेवढं मिळतं तेवढं. ग्लासाचं काय करायचं, ते मला नाही माहीत, घाडीसाहेब. माहीत असतं तर सांगितलं असतं.”

आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला सोसायला सोपं गेलं असतं.

तेवढ्यात दारात गिऱ्हाईक आलं आणि ती हसून पुढे झाली. जयवंत गल्ल्याकडे गेला.

अजूनही दोघं त्याच दुकानात आहेत. कामापुरतं बोलतात. तिच्या रजेवर तो सही करतो, तिच्या गिऱ्हाइकाला स्वतः उठून खुर्ची देतो, आणि ती ‘थँक यू’ म्हणते, कुणालाही म्हणावं तसं. एकदा सणाला त्याने घरून लाडू आणले आणि डबा सगळ्यांपुढे फिरवला. तिने एक घेतला, छान झालेत म्हणाली. जयवंतला बरं वाटलं. आणि एवढ्यावर आपल्याला बरं वाटलं, याचीच दुपारभर त्याला लाज वाटत राहिली.