कशाचे सुटे?

प्रतापनगरच्या आमच्या गल्लीत टेलिफोन फक्त माझ्या घरी होता, म्हणून मधुभाऊ गेल्याची बातमी त्यांच्या मुलाला कळवण्याचं काम माझ्याकडे आलं. तसं कुणी मला सांगितलं नाही, पण सगळे माझ्याकडे बघू लागले. सकाळी ते अंगणात दात घासत होते, तिथेच बसले आणि आडवे झाले. डॉक्टर येईपर्यंत संपलं होतं. मी घरी येऊन मेलबर्नचा कॉल बुक केला आणि फोनशेजारी बसून राहिलो. बायकोने चहा आणून ठेवला, त्यावर साय धरली. कॉल लागला तेव्हा दुपार झाली होती. ‘विनू, बाबा गेले,’ एवढंच म्हणालो. तारेच्या खरखरीतून तो म्हणाला, ‘बरं काका.’ मीही बरं म्हणालो आणि फोन ठेवला. त्यानंतर मी जेवलोसुद्धा. पुढे कित्येक आठवडे मला रडू आलं नाही. लोक म्हणायचे, ‘तुमचा जिवाभावाचा मित्र गेला.’ मी मान हलवायचो. आत काही हलत नव्हतं, हे लिहायलाही मला लाज वाटते.

मधुभाऊ शहर बसमध्ये कंडक्टर होते. मूळचे कुहीकडचे. धानाची शेती भावाच्या ताब्यात देऊन ते नागपुरात आले, आणि पुढची सारी वर्षं खांद्याला चामडी पिशवी लावून सुट्या पैशांवरून लोकांशी भांडले. मी कोर्टात बाबू, म्हणून ते मला ‘बाबूजी’ म्हणत. त्यात निम्मा आदर आणि निम्मी थट्टा होती. माझा स्वभाव किरकिरा आहे, हे मला माहीत आहे. मधुभाऊंना मी किरकीर केलेली फार आवडायची. दिवसभर गाडीत ऐकून पोट भरत नव्हतं की काय, पण संध्याकाळी येऊन म्हणायचे, ‘बोला बाबूजी, आज कोणावर नाराज आहा?’

ऑस्ट्रेलियाची नाणी त्यांच्या घरात शिरली ती याच बसमधून. सत्तर साल नुकतंच उलटलं होतं. बर्डीच्या बाजारातल्या संध्याकाळच्या गर्दीत कुणीतरी रुपया म्हणून त्यांच्या हातात एक जाडजूड, बारा कोनांचं नाणं टेकवलं. डेपोत पिशवी रिकामी केल्यावर ते दिसलं. एका बाजूला राणी, दुसऱ्या बाजूला कुणी दर्यावर्दी कप्तान आणि शेजारी त्या देशाचा नकाशा. आयुष्यभर खोटी नाणी ओळखणारा माणूस, अंधारात फसला. रुपया पदरचा भरला आणि चरफडत घरी आला. शांतावहिनी म्हणाल्या, ‘फेका ना जी ते, कायले आणलं?’ पण शाळेत जाणारा विनू ते हातात घेऊन बसला होता. नकाशाच्या काठावरून बोट फिरवत होता. नाणं राहिलं. आमच्या गल्लीत कुणाला माहीत नव्हतं असा तो देश, आणि तोही कुणीतरी शोधून काढल्याच्या आनंदात तिथल्या सरकारने खास पाडलेलं हे नाणं, हे सगळं विनूने शाळेतल्या सरांना विचारून आणलं. पुढे तो मोठा झाला, मशीनचं काम शिकला, आणि एके दिवशी त्याच नकाशात नोकरीला निघून गेला. विमानाचं तिकीट हातात आल्यावर मधुभाऊ मला म्हणाले होते, ‘बाबूजी, एक खोटं नाणं घेतलं, अन् त्याच्या बदल्यात पोरगं देऊन बसलो.’ हसत म्हणाले होते, पण त्या संध्याकाळी माझी किरकीर ऐकायला ते आले नाहीत.

मग विनू नाणी पाठवू लागला. कधी गावाकडे येणाऱ्या कुणाच्या हाती, कधी स्वतः आला तेव्हा. रोजच्या व्यवहारातलीच, पण एखाद्या प्रसंगाची आठवण म्हणून पाडलेली. राणीच्या पंचवीस वर्षांचं, कडेने मुकुटच मुकुट असलेलं. मग राजपुत्राच्या लग्नाचं. ते बघून वहिनींना भारी नवल वाटलं, ‘लग्नाचं नाणं पाडते का कोणी?’ मधुभाऊ म्हणाले, ‘आपण पत्रिका छापतो वं. चार दिवसांनी तिच्यावर चिवडा खातो. त्यायनं पत्रिकेवरच भाजी घ्यायची सोय करून ठेवली.’ नंतर खेळांच्या स्पर्धांचं आलं, गोल फिरत धावणाऱ्या माणसांचं. ही सारी नाणी मधुभाऊंनी एका जुन्या पितळी मिसळणाच्या डब्यात ठेवली. सात वाट्या, प्रत्येक वाटीत एका प्रसंगाचं; तेच नाणं पुन्हा आलं तर त्याच वाटीत. सात काही भरल्या नव्हत्या, पण भरतील असा त्यांचा हिशेब. डबा उघडला की राणीच्या तोंडाला हळदीचा वास यायचा.

त्यांचा एकच नियम होता. नाणं दुकानातून सुटे म्हणून आलेलं हवं. एकदा विनूने कौतुकाने नव्याकोऱ्या नाण्यांचा एक संच पाठवला. मखमलीची पेटी, वर काच, आत लखलखाट. माझे डोळे दिपले. मधुभाऊंनी पेटी उलटसुलट बघितली आणि आणणाऱ्या माणसाबरोबरच परत पाठवून दिली. ‘याच्यानं कोणी काहीच नाही घेतलं बाबूजी. हे पेटीत जन्मलं अन् पेटीतच मरन.’ मी त्यांना मूर्ख म्हणालो. पोराने एवढ्या हौसेने पाठवलं, ते परत करतात का? त्यांनी ऐकलं नाही. विनूला ते लागलं. महिन्यातून एका रविवारी त्याचा फोन यायचा, तो दोन महिने आला नाही. ते दोन्ही रविवार मधुभाऊ माझ्या ओट्यावर पेपर वाचत बसले. जाहिरातींसकट सगळा पेपर वाचला.

तो फोन हा आमच्या घरातला मोठा सोहळा असे. मधुभाऊ धुतलेला सदरा घालून येत, चपला बाहेर काढत आणि रिसीव्हर कानाला लावून ताठ उभे राहत. मी खुर्ची पुढे करायचो. ‘नाही बाबूजी, बसून बोललं तर आवाज पोचत नाही,’ म्हणायचे. तीन मिनिटांचा कॉल. आणि त्या तीन मिनिटांत हा माणूस पोराला काय विचारायचा? ‘ते नाणं कशाचे सुटे म्हणून भेटलं?’ पलीकडून उत्तर यायचं. ‘कोणत्या दुकानात? मग आणखी काय घेतलं? बरं...’ वहिनी मागे पदराचा बोळा करून उभ्या. फोन त्यांच्या हाती येईपर्यंत वेळ संपत आलेली असे, आणि त्यांचे सगळे प्रश्न घशातच राहायचे. एकदा मात्र त्या माझ्यासमोरच भडकल्या, ‘पोराले जेवला का म्हणून तं विचारा! नाण्याचं काहून विचारता?’

मधुभाऊ म्हणाले, ‘जेवला का विचारलं तं तो हो म्हणते. माय-बापाले सगळेच हो म्हणतात. नाण्याचं विचारलं तं खरं सांगते.’ मग चपला पायात घालत, ‘पाव अन् अंडे घेतले म्हणे. म्हणजे घरी शिजवून राहिला.’

वहिनींच्या हातातला पदराचा बोळा सुटला. इतकी वर्षं मला वाटायचं की या माणसाला नाण्यांचं वेड आहे. त्यानंतर मी त्यांचे फोन वेगळ्या कानांनी ऐकू लागलो. मुकुटांचं आणखी एक नाणं न्हाव्याकडे मिळालं, म्हणजे पोरगं नीटनेटकं राहतंय. लग्नाचं नाणं औषधाच्या दुकानातून, तेव्हा मधुभाऊ आठवडाभर बेचैन, ड्यूटीवर दोनदा चुकीचं तिकीट फाडलं. खेळांचं नाणं दोन माणसांच्या सिनेमाच्या तिकिटाचे सुटे होते... त्या दिवशी त्यांनी वहिनींकडे बघून डोळे मिचकावले आणि तोंड गोड करायला माझ्याकडे साखर मागितली.

एका दिवाळीला मोठा घोटाळा झाला. लक्ष्मीपूजनाला घरातलं चांदी-पितळ घासायचं, पाटावर मांडायचं, हे आपल्याकडे सगळेच करतात. वहिनींनी समया घासल्या, तांब्या घासला, आणि त्याच हाताने डब्यातली नाणीही घेतली. चिंच, राख, नारळाची शेंडी. राणीला, कप्तानाला, नवरा-नवरीला, धावणाऱ्या माणसांना, सगळ्यांना सारखं न्हाऊ घातलं आणि हळद-कुंकू वाहून पाटावर बसवलं. दुसऱ्या दिवशी नाण्यांची हौस असलेले एक गृहस्थ मुद्दाम हा संग्रह बघायला आले होते. धरमपेठेतले, चष्मेवाले. नाणं उन्हात तिरपं धरून त्यांनी कपाळाला हात लावला. ‘सत्यानाश! अहो, नाणं कधी घासायचं नसतं. हे ओरखडे बघा. आता याला कोणी विचारणार नाही.’ वहिनींनी फराळाचं ताट तिथेच खाली ठेवलं. त्या आत गेल्या त्या बाहेर आल्याच नाहीत. आणलेला फराळ मीच पुढे केला.

गृहस्थ गेल्यावर मधुभाऊंनी एकेक नाणं उन्हात तिरपं धरून पाहिलं. मला वाटलं, आता बोलतील काहीतरी. ते आत गेले आणि दारातूनच म्हणाले, ‘शांता, राणीच्या नाकाजवळ जरा राख राहिली वं. पुढल्या वर्षी तिथं बोट फिरव.’ बाहेर येऊन मला म्हणाले, ‘तिकडं नाही नाही त्याचे हात लागले बाबूजी, ते चालले. त्याच्या मायचा लागला तं काय झालं?’ त्यानंतर दर दिवाळीला नाण्यांची आंघोळ ठरलेली. कप्तानाचं नाक जवळजवळ गेलं.

यंदा तिकडे वसाहतीला दोनशे वर्षं झाली म्हणून जहाजाचं नाणं निघालं होतं. विनूने फोनवर सांगितलं, अजून हातात आलं नाही. मधुभाऊ म्हणाले, ‘विकत नको घेऊ. हाती लागन तेव्हा लागन.’ विनू म्हणाला होता, ‘दिवाळीला स्वतःच घेऊन येतो बाबा.’ मधुभाऊंनी पाचवी वाटी पुसून ठेवली होती. वाट पाहत होते ते नाण्याची नाही, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

विनू आला तो दसऱ्याच्या आधीच. अग्नी कुहीच्या पुतण्याने दिला होता. विनू घरात शिरला, आईच्या पायाशी बसला आणि तसाच बसून राहिला. तोही रडला नाही. आम्ही सगळेच लाकडं झालो होतो. तेरावं झालं, पाहुणे गेले, सतरंज्या गुंडाळल्या. मग वहिनींनी तो डबा आणून मध्ये ठेवला. विनूने पँटच्या खिशात हात घातला आणि एक नाणं काढून जमिनीवर ठेवलं. जहाजाचं. कुणीच ते उचलेना.

‘कशाचे सुटे भेटले?’ वहिनींनी विचारलं.

विनूने मान वर केली. ‘चहाचे. तिथल्या विमानतळावर घेतला होता. इतक्या महिन्यांत भेटलं नाही, अन् त्या दिवशी भेटलं.’ मग हळूच, ‘चहा मात्र पेवला नाही गेला माय...’

वहिनी उठल्या. स्वयंपाकघरात स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला. चहा आणून त्यांनी त्याच्या हातात दिला आणि कप रिकामा होईपर्यंत समोर उभ्या राहिल्या. मग जहाजाचं नाणं पाचव्या वाटीत ठेवलं आणि पहिल्या वाटीतलं, बिननाकाच्या कप्तानाचं, काढून त्याच्या तळहातावर ठेवलं. ‘हे तिकडलं आहे, तिकडं ने. ठेवू नको. याचं काही खाय.’

विनू परत गेला. दिवाळी आली, गेली. यंदा त्यांच्या घरी पणती लागली नाही. नाणी घासली गेली नाहीत. मी ओट्यावर बसून पेपर वाचतो, आणि किरकीर करायला कुणी नाही म्हणून करत नाही.

गेल्या रविवारी फोन आला. मी वहिनींना हाक मारली. त्या आल्या, चपला बाहेर काढल्या. मी खुर्ची पुढे केली, त्या बसल्या नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण तीन मिनिटं त्यांच्या एकटीची होती, घशातले सारे प्रश्न विचारायला मोकळी. त्यांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला आणि विचारलं, ‘ते नाणं दिलं का? काय घेतलं?’

ऐकत राहिल्या. ‘बरं... बरं...’ म्हणाल्या. फोन संपला तरी उभ्याच होत्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, ‘पाव अन् अंडे घेतले म्हणे, भाऊजी. शिजवून राहिला.’

त्या गेल्यावर मी ती रिकामी खुर्ची जागेवर सरकवायला गेलो, आणि तिच्या पाठीला धरून मला रडू आलं.