चुगली करणारा डबा

"गावाला डीजे पायजेच. लिहून घ्या ताई," सरपंच म्हणाले, आणि देवळाच्या सभामंडपातल्या सगळ्या माना एकदम हलल्या.

मी लिहून घेतलं. माझं कामच ते. लोणावळ्यातल्या एका लहानशा संशोधन केंद्रात मी नोकरी करते. माणसं एकटी असताना काय करतात आणि चारचौघांत आल्यावर काय करतात, हा आमचा विषय. त्याला सामाजिक मानसशास्त्र म्हणतात. त्या महिन्यात आमच्याकडे आवाजाचं काम आलं होतं. कार्ल्याजवळच्या एका गावात प्रत्येक हळदीला भिंतीएवढे स्पीकर लागतात. त्याबद्दल गावाला काय वाटतं, हे शोधायचं होतं. गावाचं नाव सांगत नाही. तसं वचन दिलंय.

पहिली पायरी फोकस ग्रुप, म्हणजे गटचर्चा. दहा-बारा माणसं एकत्र बसवायची, प्रश्न टाकायचा आणि गप्प बसून ऐकायचं. त्या दिवशी सगळ्यात मोठा आवाज किसनभाऊंचा होता.

"तीन आठवड्यांनी माझ्या पोरीची हळद हाय. डीजे न्हाई लावला तर लोक इचारतील, किसनच्या घरी लगीन हाय का दहावा?"

हशा पिकला. चर्चा संपली. रिपोर्टातलं वाक्यही माझ्या डोक्यात तयार झालं: गावाची पसंती एकमुखी आहे.

चहाला किसनभाऊंनी घरी नेलं. चहा घेऊन आली ती प्रतीक्षा, म्हणजे नवरीच. तळेगावला एका कंपनीत कामाला जाते. ओसरीवरच्या खाटेवर तिचे आजोबा, घरातले आबा, बसले होते. सदऱ्याच्या उघड्या गुंडीतून छातीवरची टाक्यांची लांब रेघ दिसत होती.

"ताई, माझं पण एक लिहा," प्रतीक्षा ट्रे हातात धरूनच म्हणाली. "मला डीजे नको. मला आबा पाहिजेत."

हृदयाचं ऑपरेशन झाल्यापासून डॉक्टरांनी आबांना त्या आवाजापासून लांब राहायला सांगितलं होतं. म्हणून घरात ठरलं होतं की हळदीच्या दिवशी आबांना कामशेतला आत्याकडे पोचवायचं. ज्या म्हाताऱ्यानं हिला सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत सोडलं, त्याला हिच्याच हळदीला घराबाहेर काढायचं.

"जाऊ दे पोरी," आबा म्हणाले. "येक दिस तर हाय. मी तितंच आत्याकडनं गालाला हळद लावून घीन."

मी किसनभाऊंकडे पाहिलं. मगाशी मंडपात गरजणारा माणूस आता बशीतल्या चहाकडे बघत होता.

"मला तरी कुटं आवडतोय तो धडधडाट? पन गावाला लागतो ना. गाव सोडून आमी काय डोंगरात ऱ्हायचं?"

हायवेच्या थांब्यापर्यंत चालत जाताना चर्चेतले आणखी दोघं भेटले. एक दूधवाले. "खरं सांगू का ताई, आमची म्हस त्या दिवशी दूधच देत न्हाई. पन गावाला पायजे असतो." दुसरे रिक्षावाले. त्यांचं कारण वेगळं, शेवट तोच. गावाला पाहिजे असतो.

मी रस्त्यातच थांबले. प्रत्येकाला नको आहे आणि प्रत्येकाला वाटतंय की बाकीच्यांना हवा आहे. मग ते डीजे मागणारं गाव राहतं कुठं?

पुस्तकात मी हे वाचलं होतं. आम्ही त्याला सामूहिक गैरसमज म्हणतो. माणूस आपलं मन आतून ओळखतो, दुसऱ्याचं मात्र त्याच्या वागण्यावरून. सगळेच भिडेखातर मान हलवतात आणि प्रत्येकजण दुसऱ्याची हललेली मान खरी धरतो. पुस्तकात ते एका परिच्छेदात होतं. इथे ते चहा पाजत होतं.

बसमध्येच मी वही काढली. आमचं घर चळवळीतलं, जेवणाच्या ताटाखालीही पत्रकांचे गठ्ठे असायचे. अन्याय दिसला की चार ओळी छापायच्या, ही मला लागलेली सवय. मी झोडपून लिहिलं: "घरोघरी डीजेचा धिंगाणा! सारं गाव या रोगानं पछाडलं आहे! जागे व्हा!" लोणावळ्याला उतरले ती थेट केंद्र चालवणाऱ्या आमच्या मॅडमच्या टेबलापाशी.

मॅडमनी वाचलं, चष्मा काढला. "जोरदार आहे. आता सांग, हे वाचून किसनभाऊंना काय नवीन कळेल?"

"की हे चूक आहे."

"ते त्यांना माहीतच आहे. तू त्यांना सांगते आहेस की घरोघरी लावतात. म्हणजे त्यांच्या गैरसमजावर तू शिक्का मारते आहेस."

मी रागानं लाल झाले, कारण त्यांचं बरोबर होतं.

"शिवाय तू तीन घरांतल्या माणसांशी बोललीस," त्या म्हणाल्या. "तीन म्हणजे किस्सा. मोजून आण. आणि मत तुझं काहीही असू दे, मोजताना ते पिशवीत ठेव."

दुसरी फेरी मी नीट आखली. पहिल्या चर्चेला स्पीकरवरून हाक मारल्यावर नेहमी येणारीच माणसं आली होती. बाई एकही नव्हती. बौद्ध वस्तीतलं कुणीच नव्हतं. हे गाव नव्हे, हा मंडप! या वेळी मी गावातल्या प्रत्येक घराची चिठ्ठी केली, सगळ्या चिठ्ठ्या बादलीत घालून ढवळल्या आणि हात घालून काढल्या. याला रँडम निवड म्हणतात. रँडम म्हणजे मनाला येईल तसं नव्हे. प्रत्येक घराला सारखीच संधी.

प्रश्न दोन. पहिला गुप्त: तुम्हाला स्वतःला हळदीला डीजे हवा का? त्यासाठी प्रत्येकाला एक चिंचोका द्यायचा. आतल्या खोलीत दोन डबे, एकावर स्पीकरचं चित्र, दुसऱ्यावर तेच चित्र फुली मारलेलं. हवा तर इथे, नको तर तिथे. दुसरा प्रश्न बाहेर येऊन, उघड: गावातल्या बहुतेकांना हवा असेल का?

सकाळी नऊला कामाला लागले. पहिल्या घरात सून आत गेली. टण्ण!

बाहेर सासूबाई म्हणाल्या, "कळलं मला."

मला काहीच कळलं नाही. दुसरं घर, तिसरं घर. चौथ्यापासून दर घरानंतर डब्यात बघितलं, तर आळीभर "हवा"च "हवा". माझा अंदाज कोसळला. शेवटी हौसामावशींच्या दारात बसले. मावशी एकट्या राहतात, तांदूळ निवडत होत्या. मी डबे समोर ठेवले. त्यांनी चिंचोका घेतला, एका डब्यात टाकला, काढला, दुसऱ्यात टाकला आणि पोट धरून हसल्या.

"पोरी, तुझा डबा चुगली करतोय!"

ऑफिसच्या कपाटातून मी हाताला लागले ते डबे उचलले होते. "हवा"चा प्लास्टिकचा, "नको"चा स्टीलचा. चिंचोका स्टीलमध्ये पडला की अख्ख्या ओटीला ऐकू जायचं. पहिल्याच घरातली बातमी माझ्या आधी आळीत पोचली होती. आवाजाचा अभ्यास करायला निघालेल्या मला आपल्याच डब्याचा आवाज ऐकू आला नव्हता.

मॅडमना फोन केला. "आजचं सगळं फेकावं लागेल."

"फेक. रडू नकोस. गुप्त नसलं की उत्तर बदलतं, हे तुला फुकटात दिसलं."

रस्त्यालगतच्या दुकानातून मी एकसारखी दोन मडकी आणली. तळाला गोणपाट मावशींनी कापून दिलं. मग चाचणी. मावशी आत चिंचोके टाकणार, मी बाहेर बसून कोणत्या मडक्यात पडला ते ओळखणार. वीस वेळा टाकून झाले. मला एकदाही खात्रीनं सांगता येईना.

"आता कर तुझं शास्तर," मावशी म्हणाल्या.

आधीची घरं वगळली, बादलीतून नव्या चिठ्ठ्या काढल्या आणि चार दिवस फिरले. बाहेरचं उत्तर जवळजवळ सगळीकडे तेच: "व्हय, गावाला पायजे." आतलं मला माहीत नव्हतं. निकाल आधी गावालाच सांगायचा, असं कबूल केलं होतं, म्हणून मडक्यांची तोंडं फडक्यानं बांधून ठेवली. पण उचलताना हाताला कळत होतं! एक मडकं रिकाम्यासारखं लागत होतं आणि दुसरं भरल्यासारखं.

बैठक त्याच सभामंडपात झाली. सगळ्या गावाला घरोघर जाऊन बोलावलं, त्यामुळे या वेळी बायका होत्या, वस्तीतले लोक होते. मी जमिनीवर दोन वर्तमानपत्रं पसरली. आधी दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं वाचली. सगळ्यांनी माना हलवल्या. मग "हवा"चं मडकं उलटं केलं. ओंजळभर. मग "नको"चं. चिंचोके कागद भरून फरशीवर घरंगळत गेले.

पुढे बसलेल्यांनी पाय मागे घेतले.

मागून एक तरुण उठला. "आमच्या घरी आलाच न्हाई तुमी. मग ह्ये गावाचं कसं?"

मी तोंड उघडायच्या आत हौसामावशी म्हणाल्या, "आमटीचं मीठ बघायला तू पातेलंभर आमटी पितोस का रं? ढवळली की झालं. हिनं बादली ढवळलीया, मी बघितलंय."

सरपंच चिंचोक्यांकडे बघत राहिले. "आयला, मग त्या दिवशी पायजे म्हनलं कोन?"

"तुमीच," दूधवाले म्हणाले. "आमी नुसत्या माना हलवल्या."

"आन मला वाटलं, तुमाला पायजे म्हनून मी म्हनलं!"

इतका हशा मी त्या मंडपात ऐकला नव्हता. मला ओरडावंसं वाटत होतं. पिशवीतलं मत बाहेर उड्या मारत होतं. मी पिशवीचं तोंड आवळून धरलं. हसणं ओसरलं तसे किसनभाऊ उठले. आवाज बारीक होता.

"आमच्या हळदीला डीजे न्हाई. ज्याला नाचायचंय त्यानं या, ढोलकी हाय." मग जरा थांबून म्हणाले, "आबा घरीच ऱ्हानार हायेत."

हळदीला मला आमंत्रण होतं. भजनी मंडळाच्या ढोलकीवर बायकांनी अंगण दणाणून सोडलं. प्रतीक्षाच्या गालाला पहिली हळद आबांनी लावली आणि उरलेली हिनं त्यांच्या टकलाला फासली.

पुढच्या महिन्यात त्याच गावात एका लग्नाला डीजे वाजला. त्या घराला मनापासून हवा होता. ती ओंजळही खरीच होती. फक्त आता ते "गावाला पाहिजे" म्हणाले नाहीत, "आमाला पायजे" म्हणाले.

माझं पत्रक अजून वहीत आहे. छापलं नाही. आणि कुठल्याही गावाचं मन विचारायला निघाले की मी आधी चिंचोका टाकून डबा वाजतो का ते बघते.