एकाच वजनाच्या पाच दोऱ्या

पाना मागा, "नाही." शिडी मागा, "नाही." आमच्या गल्लीत सुतारकाकांना सगळे 'गच्च' म्हणतात ते उगाच नाही. पण सहा वर्षांपूर्वी हाच माणूस अंगावरचा सदराही काढून देईल असा होता.

तेव्हा समोरचे विज्ञानाचे मास्तर आले. त्यांना शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी शिशाच्या अणूची लाकडी प्रतिकृती हवी होती. मुलांनी बाहेरचे इलेक्ट्रॉन, म्हणजे चेंडू, एकेक करून सोडवायचे. पहिला सहज, पुढचा प्रत्येक जास्त जोर लावून.

"स्प्रिंगा लावा. पहिली मऊ, शेवटची ताठ."

"पण चेंडू सगळे सारखेच ना? मग पुढचा जास्त का चिकटतो?"

"शिसं जड. बाहेरचा इलेक्ट्रॉन लांब, मध्ये आतल्यांचा आडोसा; म्हणून सुटतो. तो गेला तरी केंद्राची ओढ तेवढीच, पण एकमेकांना ढकलणारे कमी. उरलेले आत खेचले जातात."

"ओढ एकच, मग वेगवेगळ्या स्प्रिंगा कशाला? ते खोटं होईल."

काकांनी चार दिवस दाढी केली नाही. पाच चेंडू, पाच दोऱ्या, आणि सगळ्यांनी मिळून पेललेलं एकच वजन. एक चेंडू खुंटीवरून काढला की वजन तेच, दोऱ्या कमी. उरलेल्या आपोआप जास्त ताणल्या जायच्या. पाचवा आतल्या थरातला, आखूड दोरीवर. तो काढताना मास्तरांनाच घाम फुटला.

"माझं नाव तेवढं घाला त्यावर," काका लाजत म्हणाले.

"घालू की!"

प्रदर्शनात काका इस्त्रीचा सदरा घालून, काकूंना घेऊन गेले. पितळी पट्टीवर 'कल्पना आणि रचना' आणि खाली मास्तरांचं नाव. "राहिलं असेल," काका हसले. मग फोटोच्या वेळी मास्तर म्हणाले, "काका, जरा बाजूला." काका सरकले, पण हसले नाहीत. मग शाळेच्या अंकात मास्तरांचा लेख, त्यांना ही कल्पना अंघोळ करताना कशी सुचली त्यावर. त्या दिवसापासून काकांनी हत्यारांच्या पेटीला कुलूप घातलं.

परवा मास्तर दारात. "दोऱ्या झिजल्यात हो. तुमच्याशिवाय कुणाला जमणार?"

"हे पट्टीवर लिहा."

"अहो, कोरलेलं पितळ आता कसं बदलणार?"

काकांनी दार लावलं.

"पोरांसाठी तरी करायचं होतं," काकू म्हणाल्या.

"एवढं 'नाही' म्हणणंच उरलंय माझ्याकडे. तेही देऊन टाकू?"

अणू आता शाळेच्या जिन्याखाली पडलाय. पट्टी मात्र शिपाई रोज पुसतो. आणि वर वर्गात मुलं पुढचा इलेक्ट्रॉन जास्त का चिकटतो, त्याचं कारण पाठ करतात.