दुसरं वाक्य

"थांब. आता समोरून बोल." तळहात आडवा धरून टीचर असं म्हणाल्या की आम्हाला बाजू बदलावी लागायची. इतका वेळ ज्या बाजूने घसा कोरडा केला, तिच्याच चिंध्या करायच्या, आणि त्याही मनापासून.

कांदिवलीतल्या आमच्या कॉलेजात वादविवादाचा संघ त्या एकट्या तयार करत. बाई गावठाणातल्या, ख्रिश्चन, मराठीच्या प्राध्यापक. पण शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे त्यांना टीचरच म्हणत. कच्चा मुद्दा त्यांना सहन होत नसे. कॅन्टीनवाला म्हणाला, "टीचर, आज चहा झकास झालाय," तरी त्या विचारत, "कशावरून?" तो बिचारा चहा ओतायचा सोडून विचारात पडायचा.

अशा बाईंना कसली आलीय भीती, असं तुम्हाला वाटेल. मलाही तसंच वाटायचं. मी स्वतः मात्र इतकी भित्री की हजेरी देतानाही माझा आवाज फाटायचा. वांद्र्याच्या वादविवाद स्पर्धेच्या फायनलला माझं नाव पुकारायच्या आधीच मी रडायला लागले, तेव्हा त्या मला जिन्याखाली घेऊन गेल्या.

"तुझ्याएवढी असताना मी स्टेजवर दुसऱ्या वाक्याला अडकले. सगळा हॉल हसला. त्यानंतर माइकपुढे उभी राहिले नाही कधी. तू घाबर, पण उभी राहा. भीती गेल्यावर बोलेन म्हणशील, तर म्हातारी होशील माझ्यासारखी."

मी लटपटतच बोलले आणि पहिलं बक्षीस घेऊन आले.

गेल्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. निरोप समारंभात बोलणं टाळता येणार नव्हतं. त्याआधी एकदा मला म्हणाल्या, "वाट लागली गं माझी. पुन्हा अडकले तर? जाता जाता हसं करून घ्यायचं का?" त्यांना असं बघून मला फार वाईट वाटलं, आणि त्यांच्याहून जास्त मीच घाबरले.

समारंभात त्या माइकपुढे आल्या. "प्रिय विद्यार्थ्यांनो, नमस्कार," म्हणाल्या. "आज मला..." आणि थांबल्या. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मागे कोणीतरी खिदळलं. टीचर माइकपासून मागे सरकल्या.

मी कशी उठले, मला माहीत नाही. "भित्र्या माणसाने स्टेजवर चढूच नये!" मी ओरडले.

प्राचार्यांनी रागाने माझ्याकडे वळून पाहिलं. आपण टीचरना कायमचं गप्प केलं, असं मला वाटलं.

"साफ चूक!" टीचर कडाडल्या आणि त्यांनी माइक पुढे ओढला. "जो घाबरत नाही, त्याला ऐकणाऱ्याची पर्वाच नसते. ही जी ओरडली ना, फायनलला हिचे पाय थरथरत होते. बक्षीस कोणी आणलं मग? आणि पुढचा मुद्दा ऐका..."

त्या बोलत सुटल्या. एकही शब्द अडला नाही. खिदळणारेसुद्धा कान देऊन ऐकत होते.

बोलणं संपलं, टाळ्या सुरू झाल्या, आणि आपण कुठे उभ्या आहोत हे एकदम त्यांच्या लक्षात आलं. चेहरा पांढराफटक पडला. मी धावत स्टेजच्या पायऱ्यांपाशी गेले. त्यांचा हात घामाने ओलाचिंब झाला होता. गेटबाहेर रिक्षा आली, त्या आत बसल्या, रिक्षावाल्याने मीटर टाकला, तरी त्यांनी माझा हात सोडला नाही.