थंगराजच्या बोटापर्यंत

“हातात मोबाइल असताना उसात तारा कसल्या ताणत बसता?” असं ज्यानं कुणी विचारलं असेल, त्यानं जन्मात कुणाची मनापासून वाट पाहिलेली नाही. हा आरोप आहे. नाव घेत नाही, ज्याचं त्याला बरोबर लागेल!

हॅम रेडिओवाल्यांच्या, म्हणजे हौसेखातर घरून बिनतारी गप्पा मारणाऱ्यांच्या, घरात वायरचे तुकडे साठतात. वीतभर असला तरी टाकवत नाही, कधीतरी लागेल म्हणून खिळ्याला अडकवून ठेवतात. किस्स्यांचंही तसंच होतं. आमचं टोळकं अगदी छोटं. सांगलीचे युनूसभाई, इस्लामपूरची मी आणि इस्लामपूरपासून अर्ध्या तासावरच्या गावातले आबा. आबा लष्करात वायरलेसवर हयात घालवून सुभेदार म्हणून रिटायर झाले. उसाच्या मधोमध घर, घरामागे दोन उंच बांबू, बांबूंवर लांबलचक तार. आमचे बहुतेक किस्से त्या तारेखालीच घडलेत.

*

मी इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनिअर. लायसन्स हातात पडलं तशी गच्चीवर अँटेना चढवली आणि आबांना फोन करून करून हैराण केलं.

गंमत अशी असते की रेडिओतून निघालेली ताकद आधी केबलमधून जाते, मग अँटेनाच्या तारेत. या तिघांचं एकमेकांशी जुळलं नाही, तर ताकद वाटेतून परत फिरते. किती परतली ते मीटर सांगतो. काटा एकवर असला, की काहीच परतलं नाही, सगळं जुळलं.

पावसाळा संपला आणि माझा काटा एकवर जाऊन बसला. कुठल्याही बँडवर लावा, एक!

“आबा, पुस्तकातसुद्धा इतकं चांगलं येत नाही!”

“बरं हाय की. कोन ऐकतंय का पन तुला?”

“अजून कुणी उत्तर दिलं नाही. पण मॅचिंग परफेक्ट आहे!”

दुसऱ्या दिवशी आबा एसटीनं आले. आल्या आल्या केबलचं खालचं टोक सोडवलं, माझ्याकडे स्टीलचा पेला मागितला आणि टोक त्यात धरलं. टप, टप, टप. केबल पावसाळाभर पाणी पीत होती. माझी सगळी ताकद तिच्यातच मुरत होती, मग परत यायला उरणार काय?

आबांनी पेला माझ्या हातात दिला.

“घे इंजिनेर. ही तुजी परफेक्ट मॅच.”

*

युनूसभाईंचं सांगलीत मोटर भरायचं दुकान आहे. पंपाच्या जळक्या मोटरी आणायच्या, नवी तार भरून न्यायच्या. मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले ती आबांच्या अँटेनासाठी कॉइल गुंडाळून घ्यायला.

“किती एचपीची?”

“एचपी नाही हो. शंभर वॉट.”

त्यांनी मनात हिशोब केला. “म्हणजे एचपीचा सातवा हिस्साबी न्हाई! आणि ह्यावर काय चालवणार?”

“तमिळनाडूशी बोलणार.”

युनूसभाईंनी हातातली पक्कड खाली ठेवली. “ताई, एवढ्यात आमच्या बोअरचं पाणी टाकीपर्यंत चढत न्हाई!”

कॉइल मात्र अशी भरून दिली, की प्रत्येक वेढा शेजाऱ्याला चिकटून, वर वॉर्निश. कुतूहलापायी पुढे स्वतः परीक्षा देऊन त्यांनी लायसन्सही काढलं. ती कॉइल आजही आबांच्या बांबूवर आहे. सवयीनं त्यांनी तिच्यावर दुकानातलं पंपाचं स्टिकर चिकटवलंय: “कोरडी चालवू नये!”

*

माझ्या पाणी प्यायलेल्या केबलनंतर आबांचा केबलवरचा विश्वास उडाला. त्यांनी जुनी पद्धत काढली. दोन उघड्या तारा समांतर न्यायच्या, मध्ये वीत-वीत अंतरावर आडव्या कांड्या. दिसायला शिडी. तिच्यात पाणी मुरत नाही आणि ताकद फारशी वाया जात नाही. प्रश्न एवढाच, की कांड्या कशाच्या करायच्या?

ठिबकच्या नवीन नळ्यांचं बंडल ओसरीत पडलेलं होतं. आबा विळा घेऊन बसले.

लागणीच्या वेळी आक्कांच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, लक्षात आलं.

“आवं, दोन सऱ्यांच्या नळ्या कुटं गेल्या?”

“वर बग.”

आक्कांनी वर बघितलं. खिडकीपासून बांबूच्या शेंड्यापर्यंत काळे तुकडे ओळीनं चाललेले.

“आता आभाळाला पानी पाजनार हायसा व्हय?”

*

आता तो किस्सा, जो मी लोकांना सांगत नाही.

आबा रोज सकाळी साडेसहाला थंगराजशी बोलतात. थंगराज त्यांचा लष्करातला जोडीदार, आता तमिळनाडूतल्या डोंगरातल्या एका गावात असतो. बोलणं सगळं मोर्समध्ये, टिपटिप करत. तेही ऐंशी मीटरच्या बँडवर, जिथे सूर्य वर आला की लांबचं काही पोचत नाही. म्हणजे हातात फार तर अर्धा तास.

एकदा मी उशिरा पोचले, उपाशी होते, आणि आबा काट्याच्या केसभर हालचालीसाठी मला तिसऱ्यांदा बांबूकडे पळवत होते. माझा तोल सुटला. “अहो आबा, हातात मोबाइल आहे ना? सरळ व्हिडिओ कॉल करा की त्यांना!”

आबा चिडले नाहीत. हेडफोन काढून ठेवला.

“त्याचं डोळं साखरंनं नेलं पोरी. कान त्याच्या आदीच गेलं.”

मला काही कळेना. “मग तुमचा मोर्स ऐकतात कसे?”

आबांनी एका जुन्या स्पीकरचा उघडा कागदी पडदा माझ्यापुढे धरला, माझी दोन बोटं त्यावर टेकवली आणि मोर्सची की, म्हणजे टिपटिपची दांडी, दाबली. टिप. टिप-टिप. बोटांखाली कुणीतरी आतून टिचकी मारावी तसं वाटलं.

“हे असं. तिकडं गडी फुल्ल आवाज लावून बसतोय. सगळ्या गल्लीला ऐकू जातंय, त्येला सोडून!” आबा हसले. मग म्हणाले, “सिग्नल बारीक झाला तर पडदा नुसता थरथरतोय. खरखर कुटली आन मी कुटला, त्येला उमगत न्हाई. म्हनून तुला पळवतो गं.”

मी चौथ्यांदा बांबूकडे गेले. त्यांनी न सांगता.

*

त्यानंतर मी ठरवलं, की आबांच्या अँटेनाचं मॅचिंग आता अंदाजानं नाही, शास्त्रशुद्ध करायचं. लॅपटॉपवर सगळं काढलं. तारेची लांबी, उंची, खालची जमीन, शिडीची लांबी. शेवटी ट्यूनर, म्हणजे जुळणीचा डबा, फिरवून काटा एकवर आणला. थंगराजनं कळवलं, “बोटाला ठोसे बसतायत!” माझी मान आठवडाभर ताठ होती.

हे ऑक्टोबरातलं. तेव्हा तारेखाली दोन पुरुष उंचीचा ऊस होता.

जानेवारीत कारखान्याची ऊसतोड टोळी आली. जतकडची माणसं, सोबत त्यांच्या बायका. दोन दिवसांत रान मोकळं झालं. आणि काटा एकवरून उठला तो पाचच्या पुढे गेला! ट्यूनरची बटणं पार टोकाला नेली तरी जुळेना. तारेखालून हिरवीगार, रसानं भरलेली अख्खी भिंत निघून गेली होती. गणितात मी जमीन धरली, ऊस धरला नव्हता.

पहिल्या सकाळी थंगराजकडून नुसतं प्रश्नचिन्ह आलं. मोर्समध्ये पुन्हा पुन्हा तेच: कोण? कोण? दुसऱ्या सकाळी काहीच आलं नाही.

मी त्याच्या सुनेला फोन केला. ती हिंदीत म्हणाली, “पप्पा बोट ठेवून बसलेत. नाश्ता बाजूला सारला. आबा बरे आहेत ना?”

मी आबांना म्हटलं, “निरोप दिलाय, तुम्ही ठीक आहात म्हणून.”

“ती त्येच्या तळहातावर बोटानं लिवून सांगंल. पन त्येला वाटनार, समजूत काढत्यात.” आबा तारेकडे बघत होते. “आमच्यातलं कोन गेलं, की घरची आदी ‘बरा हाय’ असंच सांगत्यात न्हवं?”

मी दुपारी युनूसभाईंना बोलावून घेतलं. डबा बदलायला वेळ नव्हता. शिडीच पंधरा फुटांनी वाढवली, तर लांबी बदलून डब्याच्या आवाक्यात येईल असं गणित होतं. ह्या वेळी धरायला ऊसच नव्हता! उरलेल्या ठिबकच्या कांड्या आक्कांनी स्वतः कापून दिल्या. वाढीव तुकडा अंगणातून फिरवून खिडकीत आणला आणि आम्ही दोघं रात्री तिथंच राहिलो.

तिसरी सकाळ. सहा पंचवीस. मी अगदी कमी ताकदीवर तपासायला बसले, तर काटा वेड्यासारखा नाचतोय! आदल्या संध्याकाळी तर छान जुळला होता. बाहेर धावले. शिडीवर आक्कांचं ओलं लुगडं वाळत होतं.

“आक्का! चटका बसला असता ना!”

“मला काय म्हाईत बाई, कापडाची दोरी कंची आन बोलायची कंची!”

युनूसभाईंनी लुगडं उचललं. काटा दीडवर येऊन थांबला. ऊस नसल्यानं उजेड नेहमीपेक्षा आधीच दारात येऊन उभा होता. आबांनी की दाबली. सावकाश, एकेक अक्षर सुटं सुटं. त्यांचं नाव, त्याचं नाव. पुन्हा. मग हेडफोन बाजूला ठेवून त्यांनी दोन बोटं स्पीकरच्या पडद्यावर टेकवली. थंगराज बसतो तशी, डोळे मिटून.

काही नाही. पुन्हा की. पुन्हा बोटं. आक्का चुलीपासून उठून आल्या. युनूसभाई लुगडं हातात घेऊन तसेच उभे.

टोळीतली एक पोटुशी बाई रोज आबांच्या घरून प्यायचं पाणी न्यायची. सातवा महिना. ती कळशी घेऊन दाराशी आली आणि आम्हा सगळ्यांना आबांकडे बघताना पाहून तिथंच थबकली. एक हात कळशीवर, एक पोटावर. आबांच्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघितलं, त्या काळ्या पडद्यावर अलगद ठेवलेल्या बोटांकडे बघितलं.

आबांचा खांदा एकदम हलला.

तिनं कळशी खाली ठेवली आणि हसून विचारलं, “आजोबा, मारली न्हवं लाथ?”